मावशीची खाणावळ

माझ्या मावशीचा एक पाय कायम चपलेत असायचा. घरी पाहुणे आलेले असोत, कोणी आजारी असो, बाहेर संप असो, एक दिवसाआड ती उठायची, पिशवी खांद्याला लावायची आणि निघायची. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला एक बुटकी राखाडी इमारत आहे. तिथे संशोधन चालतं आणि मावशी तिथे पेशींना खायला घालते. खायला घालणं हा शब्द माझा नाही. तिथे सगळे असंच बोलतात. हाताएवढ्या चपट्या बाटल्या असतात, त्यांच्या तळाला पेशी चिकटून वाढतात आणि वर गुलाबी पाणी असतं. त्यातलं सत्त्व पेशी खातात तसं पाणी पिवळं पडत जातं. पिवळं पडलं की ते शोषून काढायचं आणि नवं गुलाबी घालायचं. पेशींना रविवार कळत नाही, हे मावशीचं वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि खरं सांगायचं तर मला त्या पेशींचा राग होता.

आई तर उघड बोलायची. मावशीने पिशवी उचलली की ही स्वयंपाकघरातून ओरडणार, "निघाली बाई खाणावळ उघडायला!" आई नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसायची. काचेतल्या वीतभर भोकातून जगाला सुनावण्यात तिची हयात गेली, त्यामुळे तिच्या जिभेला धार होती. बाबा मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आम्ही तिघी एकाच घरात. मावशीचं लग्न एकदा ठरलं होतं. होणाऱ्या नवऱ्याने विचारलं, लग्नानंतर कुठे फिरायला जाऊ या? हिने म्हणे विचारलं, "दुसऱ्या दिवशी परत येता येईल ना?" हा किस्सा आई रंगवून रंगवून सांगायची. लग्न मोडायचं कारण वेगळंच होतं असं मावशी म्हणायची, पण ते वेगळं कारण तिने कधी सांगितलं नाही.

दोघी बहिणींचं भांडण हे आमच्या घराचं घड्याळ होतं. सकाळी चहावरून, दुपारी खिडकी उघडी की बंद यावरून, संध्याकाळी मावशीच्या उशिरावरून. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. दिवसभर यंत्राची घरघर ऐकून घरी आलं की या दोघींची घरघर. मी वैतागायचे. पण एखाद्या दिवशी घरात शांतता असली तर माझाच जीव खाली-वर व्हायचा.

आईच्या डोक्यातली गाठ आम्हाला आधी तिच्या बोलण्यातून कळली. चमचा मागायचा तर किल्ली मागायची, आणि आम्ही हसलो की चिडायची. मग एकदा तिच्या उजव्या हातातून कप सुटला. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जेवढी काढता आली तेवढी गाठ काढली. उरलेली बोलण्याच्या जागेला खेटून होती. तिथे हात लावला असता तर गाठीबरोबर आईची वाचाही गेली असती. उरलेली वाढणार, हेही त्यांनी सांगितलं. किती वेळात, हे विचारल्यावर त्यांनी टेबलावरचा पेपरवेट या हातातून त्या हातात घेतला.

मावशीच्या इमारतीत त्याच सुमाराला एक नवा उपचार माणसांवर करून बघायला सुरुवात झाली होती. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मावशीच्या वरिष्ठ, त्यावर अनेक वर्षं राबत होत्या. मावशीने तो आईला समजावला तेव्हा मी तिथेच पाय पसरून बसले होते.

"हे बघ ताई, शरीरातल्या प्रत्येक पेशीला मरायचं कसं ते ठाऊक असतं. बिघडली की ती आपणहून स्वतःला संपवते. गाठीच्या पेशी ते विसरतात."

"कोडग्या असतात म्हण की."

"कोडग्या. आता एक विषाणू घ्यायचा, त्याची नांगी मोडायची आणि त्याला हमाल करायचं. तो गाठीच्या पेशींत एक जनुक नेऊन ठेवतो. जनुक म्हणजे सूचनेची चिठ्ठी समज. मग तुला एक साधं औषध द्यायचं. चांगल्या पेशींना त्याचं काही नाही. पण ज्या पेशीत ती चिठ्ठी पोचली आहे, ती त्या औषधाचं स्वतःच विष बनवते आणि स्वतःच मरते. मरताना शेजारणीलाही थोडं देते."

आईने विचार केला. "शेजारणीला देते हे आवडलं," ती म्हणाली. "पण माझी गाठ ऐकेल का?"

तोच प्रश्न होता. मोठ्या बाईंचा नियम असा, की पेशंटची गाठ आधी बाटलीत मरून दाखवायला हवी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातल्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यात जनुक घालायचं, वर औषध घालायचं आणि थांबायचं. मेल्या, तर त्या माणसाला उपचार मिळणार. जगल्या, तर नाही. डोक्यात सुई घालण्याचा धोका उगाच कशाला घ्यायचा, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

बाई मावशीला म्हणाल्या होत्या, "तुमच्या सख्ख्या बहिणीचं आहे, तुम्ही हात लावू नका." मग त्यांनीच इकडे-तिकडे बघितलं. एक जण नोकरी सोडून गेलेला, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. आईला हे कळलं तेव्हा ती उसळली. "माझी गाठ परक्याच्या हातात द्यायची? तुझी खाणावळ काय मग गावाला जेवू घालायला?" शेवटी बाईंनी हात टेकले आणि आईच्या गाठीच्या पेशी मावशीकडे आल्या.

सुरुवातीला त्या बाटलीच्या तळाला धरेचनात. नुसत्या तरंगायच्या. तरंगणारी पेशी म्हणजे मेलेली किंवा मरायला टेकलेली, आणि मावशीला तो स्वतःचा अपमान वाटतो. ती पाणी बदलून बघायची, ऊब बदलून बघायची, घरी येऊन जेवताना मध्येच थांबून विचार करत बसायची. मग एका संध्याकाळी ती जिना धावत चढून आली. "धरल्या ताई! काय सुरेख पसरल्या आहेत!"

आम्ही तिघी हसलो आणि हसता हसता एकमेकींकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "माझ्या गाठीला पाय फुटले म्हणून गल्लीत साखर वाटू का?"

त्यानंतर मावशीचे दिवस फार वाईट जाऊ लागले. सकाळी उठून आईला पुसायचं, कपडे बदलायचे, गोळ्या द्यायच्या. मग तिकडे जाऊन हातमोजे घालून, स्पिरिट चोळून, काचेच्या पडद्यामागे हात घालून बसायचं. संध्याकाळी परत येऊन आईसमोर सूपची वाटी घेऊन बसायचं. मी जमेल तेवढं करायचे, पण दुकानातला मालक रजा म्हटलं की असा चेहरा करायचा जणू मी त्याची किडनी मागितली आहे. आईची भूक मेली होती. दोन चमचे घेतले की ती तोंड फिरवायची. आणि तिकडे बाटलीतलं पाणी ठरल्यापेक्षा आधी पिवळं पडायचं, इतक्या त्या पेशी खायला लागल्या होत्या. एकदा आईने वाटी सरकवली तेव्हा मावशीचा तोल सुटला.

"तुझी गाठ तुझ्यापेक्षा बरी जेवते!"

 आईने तोंड उघडलं आणि आणखी एक चमचा घेतला. मावशी मान खाली घालून भरवत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं पडली होती, आणि मी तिला नवा चष्मा करून दिला होता तरी ती सतत डोळे चोळायची.

मग पेशी पुरेशा झाल्या. बाईंनी स्वतः काही बाटल्यांत जनुक घातलं, वर औषध घातलं, आणि त्या बाटल्या उबदार कपाटात खालच्या फळीवर लाल पट्टी लावून ठेवल्या. आता मेलेल्या-जगलेल्या पेशींची मोजणी होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नव्हता. घरी आमचा जीव टांगणीला लागला. आई मात्र म्हणाली, "परीक्षा गाठीची आहे, तुमची तोंडं का उतरली आहेत?"

निकाल मावशीने घरी येऊन सांगितला. दारातच, चपला न काढता.

"नाही मेल्या."

पेशी सुरुवातीला जरा मलूल झाल्या होत्या म्हणे, पण मग पुन्हा पसरल्या, टवटवीत झाल्या. बाईंनी दोनदा बघितलं. या गाठीवर जनुक चालत नाही, असं त्या म्हणाल्या आणि उपचाराच्या यादीतून आईचं नाव काढलं. मला रडू फुटलं. आईने डाव्या हाताने मला जवळ ओढलं आणि हळूहळू, एकेक शब्द शोधत म्हणाली, "हट्टी आहे. माझ्यावर... गेली."

त्यानंतरच्या रविवारी सकाळची गोष्ट. आईला फिट येऊ नये म्हणून एक गोळी असायची. ती तिला गिळता येत नव्हती, म्हणून मी ती कुटून दुधात विरघळवून कप तिच्या उशाशी ठेवला आणि चादरी वाळत घालायला गेले. आई घोट घोट पिणार होती. मावशी अंघोळ करून आली, तिने कप बघितला. दूध गार झालं होतं, वर साय धरली होती. तिने कप उचलला, मोरीत ओतला, विसळला, ताजं दूध गरम करून त्यात घातलं आणि पुन्हा उशाशी ठेवला. हे सगळं करताना तिचं लक्षही नव्हतं. मी दारात येऊन बघते तर उशाशीच्या कपातून वाफ येत होती आणि ती मोरीत दुधाचं पातेलं विसळत होती.

"अगं मावशी, काय केलंस! गोळी होती त्यात!"

"साय आली होती," ती म्हणाली. "गार झालं होतं, म्हणून मी..."

आणि ती थांबली. नळ वाहत होता. तिचा हात नळाखालीच राहिला. मी दुसरी गोळी कुटायला घेतली, कुरकुरत होते, आणि तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

"मी बदललं," ती म्हणाली.

"हो, दिसलं की. जाऊ दे आता."

"खालच्या फळीचं. ताई, मी खालच्या फळीचंही बदललं."

मला काही कळेना. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सांगितलं. तिच्या खायला घालण्याच्या दिवशी ती नेहमीसारखी गेली होती. रात्रभर आईपाशी जागी होती. कपाट उघडलं, बाटल्या बाहेर काढल्या, पिवळं दिसलं ते काढलं, गुलाबी घातलं. सगळ्या बाटल्यांचं. लाल पट्टी दिसली असणार, पण हात थांबले नाहीत. आयुष्यभर या हातांना एकच माहीत, पिवळं म्हणजे उपाशी. बाईंनी घातलेलं औषध तिने मोरीतल्या दुधासारखं काढून टाकलं होतं, आणि अर्धमेल्या पेशींना ताजं वाढलं होतं. मोजणीपर्यंत ते पाणी पुन्हा पिवळं झालं, म्हणून बाईंनाही काही कळलं नाही.

आईला सगळं समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं. आजाराने नव्हे, रागाने. "तिला... जेवायला घातलंस," ती म्हणाली. "आणि मला... सांगितलंस... नाही मेल्या."

मावशीने तिचा हात धरायला हात पुढे केला. आईने आपला ओढून घेतला.

सोमवारी मावशीने बाईंना जाऊन सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा करू. पेशी आहेत ना?" पेशी होत्या, भरपूर होत्या, मावशीने पोसलेल्या. "पण आता तुम्ही त्यांना हात लावायचा नाही." शेजारच्या विभागातला एक गप्पिष्ट तंत्रज्ञ त्यांनी मागून घेतला. कपाटाला कुलूप लागलं. इतक्या वर्षांत त्या कपाटाला कुलूप लागलेलं कोणी बघितलं नव्हतं.

पुन्हा करायचं म्हणजे पहिल्यापासून. पेशी वाटायच्या, धरू द्यायच्या, जनुक घालायचं, थांबायचं. आईच्या डोक्यातल्या गाठीला थांबायचं कारण नव्हतं. आधी उजवा हात गेला. मग शब्द एकेक करून गेले. आई मावशीशी बोलत नव्हतीच, आणि मग ती कोणाशीच बोलेना. तो अबोला रागाचा होता की आजाराचा, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. मावशी भरवायला बसली की आई तोंड उघडायची, पण बघायची खिडकीकडे. माझ्याकडे बघायची, माझा हात दाबायची. मावशीकडे नाही. मला दोघींचाही राग यायचा. मरणाच्या दारात बसून कसले हे रुसवे, असं एकदा मी ओरडलेही. मावशी म्हणाली, "तिला राहू दे. तिचा हक्क आहे."

तो काळ आठवला की अजून अंग गळतं. घरात भांडण नाही. चहा कडू झाला तरी कोणी काही म्हणत नाही. मावशी कामावर जायची, कुलूपबंद कपाटासमोरून ये-जा करायची, बाकीच्यांच्या पेशींना खायला घालायची आणि घरी यायची. चालताना तिचे खांदे पुढे झुकले होते. एकदा मी तिला म्हटलं, "तू थकली होतीस गं. कोणाच्याही हातून झालं असतं." ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या हातून नसतं झालं. दुसऱ्या कोणाला इतकी सवय नाही."

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी बाईंनी मावशीला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. बाटलीच्या तळाला काही उरलं नव्हतं. पेशी गोल गोल होऊन सुटल्या होत्या, नुसत्या तरंगत होत्या. ज्यांच्यात जनुक पोचलं नव्हतं, त्या शेजारणीही बहुतेक गेल्या होत्या. मावशीने मला हे नंतर सांगितलं, आणि सांगताना ती हसायला गेली आणि रडायला लागली. "माझ्या हाताखाली इतक्या पेशी मेल्या असत्या तर मी नोकरी सोडली असती," ती म्हणाली. "आणि मी बघतच राहिले गं. नजर हटेना."

आईला उपचार मिळाला. डोक्यात सुई घातली, हमाल आत सोडले, मग औषध सुरू झालं. आधी ताप, उलट्या, डोकं धरून कण्हणं. मग ते ओसरलं. नव्या फोटोत गाठ लहान झालेली दिसली. मोठ्या बाई बरी झाली असं म्हणत नाहीत. थांबलं आहे, म्हणतात. किती दिवस थांबेल, विचारलं की त्याही हाताला सापडेल ती वस्तू चाळवत बसतात. उजवा हात काही परत आला नाही. शब्द आले नाहीत. त्या वाया गेलेल्या आठवड्यांनी जे नेलं ते नेलंच, आणि हे मावशीला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तिने एकदाही स्वतःला त्यातून सोडवलं नाही. भूक मात्र थोडी परतली. आता आई वाटी संपवते. खिडकीकडे बघत का होईना, संपवते.

बाईंना आईच्या गाठीच्या पेशी पुढच्या प्रयोगांसाठी हव्या होत्या, म्हणून त्या अजून बाटल्यांत वाढत आहेत. गप्पिष्ट तंत्रज्ञ त्याच्या विभागात परत गेला आणि कपाटाची किल्ली मावशीकडे आली. मी म्हटलं, "तू नाही म्हण. ज्यांनी आईची ही दशा केली, त्यांना तू रोज वाढणार?" ती म्हणाली, "दुसरं आहे कोण?" आणि पिशवी उचलून गेली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण मी कोणावर चिडले होते, हे मलाच सांगता आलं नसतं.

गेल्या रविवारी दुपारी मी दुकानाचं काम घरी आणून खिडकीशी बसले होते. आईचं जेवण झालं होतं. पेशींना खायला घालण्याचा दिवस म्हणून मावशी तयार होऊन, चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत टेकली, आणि टेकल्या टेकल्या तिला झोप लागली. मान एका बाजूला पडली, तोंड उघडं राहिलं, घोरायलाही लागली. मी घड्याळ बघितलं. तिला निघायला हवं होतं, उशीर झाला होता. बाटल्या पिवळ्या पडल्या असणार. एवढ्या वर्षांत ही वेळ तिने कधी चुकवली नव्हती, आणि उठल्यावर ती मलाच बोल लावणार, तू का नाही उठवलंस म्हणून. मी उठले आणि तिच्या खांद्याला हात लावायला वाकले.

आईच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं. जोरात. मी वळून बघितलं. ती खिडकीकडे बघत नव्हती. मावशीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, आतून काहीतरी वर ओढून आणावं तशी ती धडपडत होती, मानेवरच्या शिरा ताणल्या होत्या. मला वाटलं, फिट येते आहे.

"म..." ती म्हणाली. "मरू..."

"काय आई? कोण?"

तिने मान हलवली, नाही नाही, थांब. पुन्हा प्रयत्न केला. इतक्या दिवसांत तिच्या तोंडून सबंध शब्द आला नव्हता.

"मरू... देत," आई म्हणाली. "उपाशी."

मग तिने माझं मनगट सोडलं आणि आपल्या अंगावरच्या शालीचं टोक डाव्या हाताने ओढत ओढत मावशीच्या गुडघ्यांवर नेलं. पुरलं नाही, अर्धंच पोचलं, पण तिने ते तिथे दाबून धरून ठेवलं. मी खाली बसले आणि मावशीच्या पायांतल्या चपला हळूच काढून घेतल्या.